कोलोनमधली मिरचीबंदी

तुमच्या स्वयंपाकघरातली मिरची उद्या कोणी उचलून नेली, तर तुमचं जेवण अडेल का? घाईने 'हो' म्हणू नका. मीही आधी तसंच म्हटलं होतं. मग जरा विचार केला. वरण होईल, भाकरी होईल. भाजीत मिरी घालता येईल, पिठलं आलं-लसणावर निभेल. चार दिवस आपण तोंड वाकडं करू, पण जेवू. मिरची नसेल तर चूल पेटवण्यातच अर्थ नाही, असं शांतपणे सांगणारी बाई मला भेटली ती थेट जर्मनीत, आणि ती पेरू देशाची होती.

मी एप्रिलमध्ये कोलोनला शिकायला पोचले. त्याच उन्हाळ्यात तिथे फुटबॉलचा वर्ल्डकप झाला आणि ऑक्टोबर उजाडला तरी काही बाल्कन्यांवर झेंडे लटकतच होते. आमच्या वोनहाइममध्ये, म्हणजे विद्यार्थ्यांच्या वसतिगृहात, एका मजल्याला एक स्वयंपाकघर. त्यात आपापली कपाटं, आपापली कुलपं आणि एक सामाईक खिडकी. त्या खिडकीत एक झुडूप होतं. पानांवर बारीक लव, फुलं जांभळी. हे मिरचीचं झाड आहे असं मला कोणी सांगितलं असतं तर मी हसले असते. ते त्या पेरूच्या बाईचं होतं. ती माझ्याहून सहा-सात वर्षांनी मोठी, पाण्याच्या विषयात डॉक्टरेट करत होती, आणि डोंगरात वसलेल्या आरेकिपा नावाच्या शहरातून आली होती. आमचं बोलणं मोडक्या जर्मनमधून चाले. तिचं जर्मन माझ्याहून बरं होतं, हे ती मला विसरू देत नसे.

पहिल्यांदा मी तिला स्वयंपाक करताना पाहिलं, तेव्हा ती भिजवलेल्या वाळक्या मिरच्या चिरत बसली होती. मिरच्या बोटाहून लांब, केशरी रंगाच्या. एक-दोन नाही, चांगलं भांडंभर. आमच्याकडे एवढ्या मिरच्यांत एका लग्नाची पंगत उठली असती. ती एकेक मिरची उभी चिरायची, चमच्याने आतल्या बिया आणि पांढऱ्या शिरा खरवडायची आणि सरळ कचऱ्याच्या डब्यात टाकायची.

मला राहवलं नाही. "बिया का टाकतेस?"

"तिखट असतात म्हणून."

"मग तर ठेवायला हव्यात!"

तिने सुरी खाली ठेवली. "तू भारतातली का?"

"हो."

"वाटलंच."

मग तिने त्या मिरच्या उकळल्या, पाणी ओतून दिलं, पुन्हा उकळल्या, साली काढल्या आणि वाटल्या. घरी यासाठी सपाट दगड असतो आणि त्यावर डोलवायचा दुसरा दगड, असं तिने हाताने हालवून दाखवलं. मी आमचा पाटा-वरवंटा हाताने दाखवला. दोन मिनिटं आम्ही दोघी रिकाम्या ओट्यावर हवेत वाटण वाटत उभ्या होतो. मग कांदा-लसूण परतून त्यात तो पिवळा गोळा पडला आणि कडेने तेल सुटेपर्यंत ती ढवळत राहिली. एवढं मात्र मला ओळखीचं होतं. फरक होता तो पुढे. आमच्याकडे मिरची भाजीत पडते. तिच्याकडे मिरचीतच सगळं पडत होतं. दूध, चीज, चुरलेली खारी बिस्किटं, सगळं त्या पिवळ्या वाटणात शिरत होतं. 'आज कोणती डाळ?' असं आपण विचारतो, तसं तिच्या घरी 'आज कोणती मिरची?' असं विचारत. पिवळी असेल तर रस्सा, काळपट लाल असेल तर मांस मुरवायला, आणि खिडकीतल्या त्या लव असलेल्या झाडाची गोल मिरची सारण भरून भाजायला.

आता जरा माझ्याविषयी, कारण पुढचा गोंधळ मी घातला. मी पत्रकांवर वाढले आहे. अकोल्याच्या आमच्या घरात भांड्यांपेक्षा पत्रकं जास्त होती. वस्तीतल्या नळासाठी, अडकलेल्या शिष्यवृत्तीसाठी, चौदा एप्रिलसाठी वडील आणि त्यांचे मित्र सतत काहीतरी छापून आणत, आणि घड्या घालायचं काम आम्हा भावंडांचं. बाराखडी संपल्यावर मी वाचलेला पहिला शब्द बहुधा 'निषेध' असावा. पुढे पुण्यात खोली शोधताना एका घरमालकीणबाईंनी आडनाव ऐकल्यावर लगेच दुसरा प्रश्न विचारला, "आणि खाता काय तुम्ही?" मी जे खाते ते सांगितलं आणि जिना उतरले. कोणाच्या चुलीवर काय शिजू द्यायचं, हा प्रश्न त्या दिवसापासून मला कधीच लहान वाटला नाही.

म्हणून सप्टेंबरअखेरीस स्वयंपाकघराच्या दारावर जो कागद लागला, तो वाचून माझं डोकं फिरलं. दर ऑक्टोबरला नव्या विद्यार्थ्यांसाठी वोनहाइमच्या तळमजल्यावर स्वागतमेळा भरत असे. ज्याने त्याने आपल्या देशाचा एक पदार्थ करून टेबलावर ठेवायचा. कागदावर लिहिलं होतं की, यंदा सर्वांच्या सोयीसाठी कोणत्याही पदार्थात मिरची वापरू नये. खाली आमच्या टुटोरची सही. टुटोर म्हणजे वोनहाइमने नेमलेला एक जुना विद्यार्थी. हा कायदा शिकणारा, उंच, गंभीर जर्मन मुलगा. कार्यक्रम, तक्रारी, सायकलींचे वाद, सगळं तोच बघायचा.

बंदी कशामुळे आली ते कळायला वेळ लागला नाही. कारण आमचे दादाच होते. आम्हा मराठी मुलामुलींत सगळ्यात जुने, मूळचे जळगावकडचे, मेकॅनिकलमध्ये डॉक्टरेट करणारे. गेल्या वर्षी, मी यायच्या आधी, मेळ्यात त्यांनी ठेचा ठेवला होता. नुसता ठेवला नव्हता, तर येणाऱ्या-जाणाऱ्याला पैज लावली होती.

"अगं, मी फक्त म्हटलं, हिंमत असेल तर चमचाभर खा," दादा मला सांगत होते. अजूनही त्यांना हसू आवरत नव्हतं. "तो टुटोर आला. मोठा चमचा घेतला. एकदम लाल! नुसता झेब्रा क्रॉसिंगचा सिग्नल!"

"मग?"

"मग काय, दही दिलं ना. आपण काय राक्षस आहोत का?"

"आणि आता बंदी आली त्याचं काय?"

"येऊ दे की. आपण गोड शिरा करू. बदाम-बिदाम घालून. जर्मन लोक बोटं चाटतील. तू काय पत्रक काढतेस की काय आता, पत्रकबाई?"

दादांचा प्रश्न सुटला होता. आमच्या सगळ्यांचाच सुटला होता. चिनी मुलींनी भाताचे गोळे करायचं ठरवलं, तुर्की मुलगा तसाही बकलावा आणणार होता. मी स्वयंपाकघरात आले तेव्हा ती त्या कागदासमोर उभी होती.

"तू काय करणार?" मी विचारलं.

"काही नाही. यंदा मी नाही."

तेव्हा तिने मला सांगितलं. चार वर्षं ती त्या टेबलावर फळांचं सॅलड ठेवत आली होती, कारण तेच सोपं आणि कोणी काही विचारत नाही. मजल्यावरची मुलं तिला 'ती फळांवाली' म्हणून ओळखत. डिसेंबरात तिचं काम संपत होतं आणि ती कायमची परत जाणार होती. यंदा तिने ठरवलं होतं की जाण्याआधी एकदा तरी आपल्या घरचं जेवण या लोकांपुढे ठेवायचं. पिवळ्या मिरचीच्या दाट रसातले बटाटे. त्यासाठी आईने उन्हात वाळवलेल्या मिरच्या एका येणाऱ्या माणसाबरोबर पाठवल्या होत्या. ती पिशवी तिने रोजच्या मिरच्यांपासून वेगळी, उन्हाळाभर कुलपात जपली होती.

"मिरचीशिवाय नाही का होत?" मी विचारलं, आणि विचारतानाच मला ते मूर्खपणाचं वाटलं.

"होतं ना. उकडलेला बटाटा होतो."

त्या संध्याकाळी मी पत्रक लिहिलं. शब्दकोश मांडीवर घेऊन, जर्मनमध्ये. मथळा होता: 'तिखट हा आमचा हक्क आहे!' पुढे तीन उद्गारचिन्हं. त्याखाली जिभांचं स्वातंत्र्य, बेचव बहुसंख्य आणि मसालेदार अल्पसंख्य, असं बरंच काही. प्रती काढल्या आणि सगळ्या मजल्यांच्या दारांवर चिकटवल्या. मला फार बरं वाटलं. वडिलांना फोनवर वाचूनही दाखवलं. एक अक्षर न कळता ते म्हणाले, "जोरदार वाटतंय."

दुसऱ्या दिवशी ती हातात माझं पत्रक घेऊन माझ्या दारात उभी राहिली. मला वाटलं, आभार मानायला आली.

"हे तू माझ्यासाठी लिहिलंस?"

"अर्थात!"

"तिखट कोणाला हवंय?"

मी पत्रकाच्या मथळ्याकडे पाहिलं.

"मला त्यांची जीभ भाजायची नाहीये गं. मला त्यांना जेवू घालायचंय. तू माझ्या नावाने जे मागतेस ते मला नकोच आहे." मग माझा चेहरा बघून ती जरा हसली. "चल. आधी खा, मग लिही. तुझी पद्धत उलटी आहे."

तिने डब्यातलं थोडं वाटण काढून दुधा-चीजबरोबर फिरवलं आणि बटाट्याच्या कापावर ओतून माझ्यापुढे ठेवलं. मी सवयीने पाण्याचा ग्लास जवळ ओढला. त्याची गरज पडली नाही. पिकलेल्या फळासारखा वास, जराशी गोडी, मग चीजचा खारटपणा आणि अगदी शेवटी घशाशी एक ऊब, कोणी हळूच खांद्यावर हात ठेवावा तशी. मी आयुष्यभर मिरची खाल्ली होती आणि मिरचीची चव मला माहीत नव्हती. आम्ही तिला फक्त ओरडायला लावलं होतं.

मी पुन्हा सगळ्या मजल्यांवर गेले आणि माझीच पत्रकं काढून आणली. असं करायची वेळ आमच्या घरात कोणावर आली नसावी. मग टुटोरकडे गेले आणि बैठक मागितली. "गेल्या वर्षीच्या त्या माणसालाही आणा," तो कोरडेपणाने म्हणाला.

रविवारी दुपारी आमच्याच स्वयंपाकघरात बसलो. तिने टेबलावर दोन ताटल्या मांडल्या होत्या. एकीत पिवळ्या रसातले बटाटे. दुसरीत खिडकीतल्या झाडाची पिकलेली मिरची चार फोडी करून ठेवलेली, लाल, गोल, जाड गराची, आत काळ्या बिया. खरं तिखट म्हणजे काय आणि ते आपण करत नाही आहोत, हे तिला दाखवायचं होतं. टुटोर दोन्ही ताटल्यांपासून खुर्ची मागे ओढून बसला. दादा अजून आले नव्हते.

"आल्झो," म्हणजे 'तर मग', अशी टुटोरने सुरुवात केली, "नियम सगळ्यांना सारखा आहे. मी कोणावर अन्याय केलेला नाही."

"नियम सारखा आहे, पण त्याचा मार सारखा नाही," मी म्हणाले. हे वाक्य मी रात्रभर घोकलं होतं. "आम्हाला शिरा करता येतो. हिला घरचं काहीच करता येत नाही."

"पण मिरची हा मसाला आहे. मसाला न घालता करावं."

आता ती बोलली. "ठीक. मग मी बटाटाही काढते."

"बटाटा कशाला?"

"तोही आमच्याच डोंगरातून तुमच्याकडे आला. मिरची नको असेल तर बटाटाही नको. नियम सारखा ना? मेळ्याला तू काय आणणार आहेस?"

टुटोरने समोरच्या बटाट्यांकडे पाहिलं. "बटाट्याचं सॅलड."

"अरेरे."

"हा युक्तिवाद परीक्षेत चालणार नाही," तो म्हणाला, पण त्याच्या ओठांचे कोपरे हलले.

तेवढ्यात दार ढकलून दादा आत आले. लायब्ररीतून सरळ आलेले, भुकेले. "सॉरी, सॉरी, ट्राम चुकली. वा, खायलापण आहे!" आणि कोणी काही म्हणायच्या आत त्यांनी लाल फोडींपैकी सगळ्यात मोठी उचलून तोंडात टाकली. "सिमला मिरची छान आहे हां, गोड—"

वाक्य तिथेच थांबलं.

मी दादांना सहा महिने ओळखत होते. लवंगी मिरची भाकरीबरोबर कचाकचा चावणारा माणूस. त्यांचे डोळे आधी मोठे झाले, मग ओले झाले, मग ते खिडकीकडे चालत गेले आणि उगाच बाहेर बघत उभे राहिले. कानांच्या पाळ्या मागून लाल दिसत होत्या.

"दादा, पाणी देऊ?"

"नको," एक बारीक आवाज आला. "मी... मजेत आहे."

टुटोर उठला. फ्रिज उघडून त्याने स्वतःच्या नावाची चिठ्ठी लावलेला दुधाचा डबा काढला आणि दादांच्या हातात दिला. दादांनी तो तोंडालाच लावला.

"गेल्या वर्षी मला दूध नाही मिळालं," टुटोर म्हणाला.

"दही... दिलं होतं!"

"पैजेनंतर. सगळ्यांचं हसून झाल्यावर."

दादांनी डबा खाली ठेवला, शर्टाच्या बाहीने तोंड पुसलं. ते खरंच विचारात पडलेले दिसले.

"जिभेचं काही नाही," टुटोर पुढे म्हणाला, "ती अर्ध्या तासात बरी झाली. पण ते काय आहे हे मला कोणी सांगितलं नव्हतं, आणि तुम्ही सगळे गोल करून बघत होतात."

"चुकलंच ते," दादा म्हणाले. आवाज अजून बसलेलाच होता. "सांगायला हवं होतं. नुसतं 'खा, खा' म्हणायला नको होतं. सॉरी, यार." 'यार' आपलंच राहिलं, पण टुटोरला ते कळलं असावं. त्याने मान हलवली.

मग दादा त्या ताटलीकडे संशयाने बघत तिला म्हणाले, "ही मिरची कुठली गं?"

"आमच्याकडची."

"आमच्या मिरचीपेक्षा जहाल आहे."

"तुमची कुठली?"

"म्हणजे? भारतातली! आमची मिरची पुराणकाळापासून—"

"पोर्तुगीजांच्या जहाजातून गेली ती तुमच्याकडे. बहुधा मेक्सिकोच्या बाजूची. आमच्या मिरचीची चुलत बहीण म्हण."

दादांनी माझ्याकडे बघितलं. "हे खरं आहे?"

"खरं आहे, दादा."

"आणि हे मला आजवर कोणी सांगितलं नाही!" ते एवढ्या कळवळून म्हणाले की टुटोर पहिल्यांदा मोठ्याने हसला. हसता हसता त्याने खुर्ची टेबलाजवळ ओढली. तिने त्याला काही आग्रह केला नाही. फक्त पिवळ्या ताटलीकडे बोट करून म्हणाली, "यात ती लाल नाहीये. यात पिवळी आहे, बिया आणि शिरा काढून, उकळून. जराशी ऊब लागेल. नको वाटलं तर खाऊ नकोस."

त्याने काट्याच्या टोकावर अगदी थोडा रस घेतला. मग बटाट्याचा तुकडा घेतला. मग ताटलीच जवळ ओढली.

"यात मिरची किती आहे?"

"दिसतंय ते सगळं."

त्याने ताटली पुसून खाल्ली. मग कायदेपंडिताच्या आवाजात म्हणाला की, नियम चुकीच्या गोष्टीवर झाला होता. बंदी मिरचीवर नको होती, पैजेवर हवी होती. नवा नियम आम्ही तिथेच, चौघांनी मिळून लिहिला. पदार्थात काय आहे ते त्याच्यासमोर ठळक लिहून ठेवावं, आणि कोणी कोणाला डिवचून खायला घालू नये. मला त्यात दोन जोरकस विशेषणं घालायची होती. तिने ती खोडली.

मेळ्याच्या दिवशी आम्ही दोघी सकाळपासून मिरच्या खरवडत होतो. दादा बटाटे सोलायला आले आणि प्रत्येक बटाट्यागणिक तिला एक प्रश्न विचारत होते. संध्याकाळी टेबलावर तिचं पातेलं टुटोरच्या बटाट्याच्या सॅलडशेजारीच होतं, आणि अर्ध्या तासात सॅलडकडे कोणी बघेना. आमच्या वोनहाइमचे हाउसमाइस्टर, इमारतीची देखभाल करणारे आजोबा, तिसऱ्यांदा रांगेत उभे राहिले आणि तिसऱ्यांदा म्हणाले, "मी हे पहिल्यांदाच घेतोय." एक मराठी मुलगा येऊन मला हळूच विचारून गेला, "हळद किती घातली?" मी त्याला तिच्याकडे पाठवलं. तिने त्याला हळद नसल्याचं सांगितलं, त्याला ते पटलं नाही, आणि पुढची दहा मिनिटं दोघं पातेल्यात वाकून रंगावर वाद घालत होते. दादा पातेल्याच्या दुसऱ्या बाजूला उभे राहून वाढत होते. समोर येणाऱ्या प्रत्येकाला बजावत होते, "आधी ऐका. यात मिरची आहे. पण भिऊ नका, आणि पैजही नाही." मग न राहवून पुस्ती जोडत, "आणि बटाटापण त्यांचाच, बरं का!"

शेवटी तिने पावाच्या तुकड्याने पातेल्याचा तळ पुसला आणि तो तुकडा स्वतः खाल्ला. तिच्या वाट्याला तेवढाच आला.

दुसऱ्या दिवशी कॉलशॉपमधून तिने आईला फोन लावला. मी शेजारच्या बूथमध्ये अकोल्याची लाईन लागायची वाट बघत होते. तिचं स्पॅनिश मला कळत नव्हतं, पण ती बाहेर आली ती हसतच.

"आई काय म्हणाली? आवडलं का लोकांना, विचारलं?"

"छे. तिने विचारलं, किती उरलं? मी म्हटलं, काहीच नाही. म्हणाली, मग कमी केलं होतंस."

डिसेंबरात ती गेली. जायच्या आधीच्या आठवड्यात मजल्यावर नवीन आलेल्या एका मुलीला मी कोणाशी तरी बोलताना ऐकलं. "ती कोण?" या प्रश्नावर ती सांगत होती, "ती पेरूची. ते पिवळे बटाटे करते ना, तीच."

आता एक मागणं आहे, आणि ते तुमच्याकडेच आहे. तुमच्या सोसायटीत, ऑफिसात किंवा मंडळात पुढचं एकत्र जेवण ठरेल, तेव्हा कोणीतरी अगदी सभ्यपणे म्हणेल, "सगळ्यांच्या सोयीसाठी अमुक एक नकोच ठेवू या." बाकीचे माना डोलावतील, कारण त्यांचं त्यावाचून अडत नसेल. त्याच वेळी हात वर करा आणि विचारा: या नियमामुळे आपल्यापैकी कोणाला घरचं काहीच आणता येणार नाही? त्या माणसाचं नाव निघेपर्यंत हात खाली घेऊ नका. नाव निघालं की त्याच्याकडे जा, त्याला त्याचा पदार्थ त्याच्याच पद्धतीने करायला सांगा, आणि त्या दिवशी रांगेत पहिले तुम्ही उभे राहा.